पोथ्यांच्या मागावर निघालेले चिटणीस

युरोपात प्रबोधन का झालं? याचं उत्तर आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत पाठ केलेलं असतं. १४५३ साली ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, तिथले ग्रीक पंडित पोथ्यांची गाठोडी बांधून इटलीत पळाले, आणि युरोप जागा झाला. उत्तर आटोपशीर आहे, गुणही मिळतात. पण तारखा शेजारीशेजारी मांडल्या की ते डळमळायला लागतं.

या सगळ्याचा मूळपुरुष मानला जातो तो कवी पेट्रार्क. तो १३७४ मध्ये वारला. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडलं तेव्हा त्याला जाऊन ७९ वर्षं झाली होती. फ्लॉरेन्सने ग्रीक शिकवायला मॅन्युएल क्रिसोलोरास या विद्वानाला कॉन्स्टँटिनोपलहून आणलं ते १३९७ मध्ये. तो जीव वाचवायला पळून आलेला नव्हता; पगार ठरवून, नेमणूक घेऊन आला होता. १४५३ नंतर आलेल्या ग्रीकांनी मोलाची भर घातली, यात वाद नाही. पण चूल आधीच पेटलेली होती, त्यांनी लाकडं घातली.

मग ती पेटवली कुणी? आणि इटलीतली ही धग पॅरिस, क्राकोव्ह, लंडनपर्यंत पोचली कशी? माझं उत्तर जरा रुक्ष वाटेल: नोकऱ्यांमुळे.

१. 'उमानिस्ता' कोणाला म्हणत?

आधी एक गैरसमज दूर करू. 'ह्युमॅनिझम'चं मराठी 'मानवतावाद' असं केलं की डोळ्यांसमोर माणुसकी, दयाबुद्धी येते. नाहीतर देव बाजूला सारून माणसाला मध्यभागी बसवणारं एखादं तत्त्वज्ञान येतं. पंधराव्या शतकातल्या इटालियन माणसाला यातलं काहीच कळलं नसतं. 'ह्युमॅनिझम' हा शब्दच तेव्हा नव्हता. तो १८०८ मध्ये नीटहामर नावाच्या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने घडवला.

तेव्हा होता तो 'उमानिस्ता' हा शब्द, आणि तोही विद्यार्थ्यांच्या बोलीतला. कायदा शिकवणाऱ्याला 'लेजिस्ता' म्हणत, तसा ठरावीक पाच विषय शिकवणारा तो 'उमानिस्ता'. ते विषय म्हणजे व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र. आपल्या विद्यापीठांतली 'मानव्यविद्या शाखा' या पाचांचीच वंशज. त्यात धर्मशास्त्र नव्हतं, पण म्हणून ही मंडळी धर्मविरोधी नव्हती. यातले कित्येक पोपच्या कचेरीत नोकरीला होते आणि एक तर स्वतः पोप झाला. १४५८ मध्ये दुसरा पायस म्हणून गादीवर बसलेला एनेआ सिल्वियो पिकोलोमिनी त्याआधी व्हिएन्नाच्या बाजूला सम्राटाच्या दफ्तरात कलम चालवत होता.

२. मायन्यापासून सुरुवात

तेव्हाची इटली एक देश नव्हती. फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान ही छोटी राज्यं होती, कायम एकमेकांशी तह करणारी आणि मोडणारी. तह म्हटला की खलिता आला, खलिता आला की चिटणीस आला. पत्रव्यवहार लॅटिनमधून चाले आणि त्याचे ठरीव साचे असत: कोणाला कोणता मायना, विनंती कुठे घालायची, शेवट कसा करायचा. साच्यातली पत्रं वाचताना डुलकी येई.

पेट्रार्कच्या पिढीला वाटलं, लॅटिन शिकायची तर रोमन लोकांकडूनच शिकावी. त्यात थोर मानलेला लेखक म्हणजे सिसेरो. १३४५ मध्ये व्हेरोनाच्या कॅथीड्रलच्या ग्रंथालयात पेट्रार्कला सिसेरोने आपल्या मित्राला लिहिलेली खासगी पत्रं सापडली. वाचून त्याला धक्का बसला. ज्याला तो स्थितप्रज्ञ समजत होता, तो राजकारणात गुरफटलेला, कुरकुरणारा, पदोपदी मत बदलणारा माणूस निघाला. पेट्रार्कने काय करावं? त्याने सिसेरोला उलट पत्र लिहिलं! जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला, कानउघाडणी करणारं.

गंमत सोडा, पण या पत्रात एक नवी गोष्ट आहे. जुना लेखक म्हणजे वचनं काढायची खाण नव्हे, तो एका काळात, एका गावात जगलेला माणूस आहे, त्याला समजून घ्यायचं तर त्याचा काळ समजून घ्यायला हवा, हे पेट्रार्कला उमगलं होतं.

हे उमगणं दफ्तरात उपयोगी पडलं. कोलुच्चो सालुताती १३७५ ते १४०६ अशी तीन दशकं फ्लॉरेन्सचा मुख्य चिटणीस होता. त्याच्या एका पत्राने हजार घोडेस्वारांपेक्षा जास्त नुकसान होतं, असं मिलानचा ड्यूक म्हणाल्याचं सांगतात. ड्यूक तसं म्हणाला असो वा नसो, गोष्ट पसरली याचाच अर्थ दरबारांना असा माणूस हवासा वाटू लागला होता. क्रिसोलोरासला बोलावणारा हाच सालुताती.

याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. व्हेरोनाची इसोत्ता नोगारोला लॅटिनमध्ये कुठल्याही चिटणिसाच्या तोडीची होती. तिने त्या काळच्या नामांकित शिक्षकाला, ग्वारिनोला, पत्र पाठवलं. बरेच दिवस उत्तर आलं नाही आणि गावात तिची टिंगल झाली. बाईला दफ्तरात नोकरी नव्हती, त्यामुळे तिच्या विद्येला गिऱ्हाईकही नव्हतं.

३. बेकार चिटणीस आणि मठातला मनोरा

१४१४ मध्ये कॉन्स्टन्स या गावी मोठी धर्मपरिषद भरली. एकाच वेळी तीन जण 'मीच खरा पोप' म्हणत होते, तो तंटा मिटवायचा होता. युरोपभरचे बिशप, सरदार, वकील, कारकून गावात उतरले. त्यात पोजो ब्राच्चोलिनी होता, एका पोपच्या दफ्तरातला चिटणीस. पुढच्याच वर्षी परिषदेने त्याच्या मालकाला पदच्युत केलं. पोजोला काम उरलं नाही आणि परिषद तर चार वर्षं चालणार होती.

रिकाम्या वेळात तो आसपासच्या मठांतून जुन्या पोथ्या धुंडाळू लागला. १४१६ मध्ये सेंट गालच्या मठात, मनोऱ्याच्या तळाशी एका अंधाऱ्या, कुबट खोलीत त्याला पोथ्यांचा ढीग दिसला. फाशीच्या कैद्यालाही अशा जागी ठेवणार नाहीत, असं त्याने मित्राला कळवलं. त्या धुळीत क्विंटिलियन निघाला. मुलाला तान्हेपणापासून कसं शिकवावं, मारून शिकवू नये ते का, यावर या रोमन शिक्षकाने मोठा ग्रंथ लिहिला होता, पण इटलीत त्याच्या तुटक, फाटक्या प्रतीच ठाऊक होत्या. इथे अख्खा ग्रंथ होता. पोजोने बसून स्वतःच्या हाताने त्याची नक्कल केली. पुढल्या वर्षी त्याला लुक्रेशियसचं विश्वरचनेवरचं काव्य मिळालं.

नक्कल म्हटली की अक्षर आलं. त्या काळचं प्रचलित गोथिक अक्षर टोकदार, एकमेकाला चिकटलेलं. वाचताना डोळे दुखत. पोजो आणि त्याचे मित्र सुटं, गोलसर अक्षर काढू लागले. मोडीची सवय असलेल्याने बाळबोध वळण गिरवायला घ्यावं तसा प्रकार. हे अस्सल रोमन अक्षर आहे, असा त्यांचा समज होता. प्रत्यक्षात ते सम्राट शार्लमेनच्या काळातल्या नकलाकारांचं होतं, रोमनांनंतर काही शतकांचं. अस्सलाच्या शोधातली ही चूक फार फळली. आज इंग्रजी पुस्तकात दिसतं ते 'रोमन' वळण तिथूनच आलेलं आहे.

४. खोटी सनद कशी ओळखावी

इथे जरा थांबू, कारण या विद्येची धार कुठे होती ते इथे दिसतं.

पोपकडे एक जुना दस्त होता. चौथ्या शतकातल्या सम्राट कॉन्स्टंटाइनने पोप सिल्वेस्टरला लॅटेरन राजवाडा, रोम आणि पश्चिमेकडचे प्रांत इनाम दिले, असं त्यात लिहिलेलं. याच्या जोरावर पोप राजांवर हक्क सांगत. नेपल्सचा राजा आल्फोन्सो आणि पोप यांचं वाकडं होतं. त्या राजाच्या पदरी लोरेंझो वाल्ला नावाचा लॅटिन पंडित होता. १४४० मध्ये त्याने हा दस्त हातात घेतला.

समजा, कुणी देवगिरीच्या रामदेवरायाचा ताम्रपट पुढे केला आणि त्यात 'कलेक्टर' असा शब्द निघाला. आपल्याला ताम्रपटाचं तांबं तपासावं लागेल का? शब्द पाहिला की झालं. वाल्लाने तेच केलं. दस्तात सम्राटाचे 'सत्रप' आले होते. रोमच्या राज्यकारभारात सत्रप कधी होते? सम्राटाचा शिरपट्टा सोन्यारत्नांचा म्हटलेला होता. वाल्ला म्हणाला, त्या काळी तो कापडी असे. कॉन्स्टँटिनोपल हे नगर अजून वसायचं होतं, आणि दस्तात त्याचं नाव मोठ्या धर्मपीठांच्या यादीत बसलेलं होतं. शिवाय दस्ताची लॅटिन चौथ्या शतकातली नव्हतीच, कितीतरी नंतरची, बिघडलेली होती. आजचे अभ्यासक ती बनावट आठव्या शतकातली मानतात.

वाल्ला निःपक्षपाती नव्हता. धन्याच्या फायद्याचंच त्याने लिहिलं. पण पुरावा पुराव्याच्या जागी उभा राहिला. पुढे काही वर्षांनी हाच वाल्ला रोमला पोपच्या नोकरीत गेला आणि १४५७ मध्ये वारल्यावर त्याला पुरलं लॅटेरनच्याच चर्चमध्ये. दस्तातल्या त्या इनामाच्या जागी! इतिहासाला कधीकधी विनोद सुचतो.

त्याने बायबललाही हीच कसोटी लावली. नवा करार मुळात ग्रीकमध्ये आहे. पश्चिम युरोप तो हजार वर्षं लॅटिनमध्ये वाचत होता. त्यातल्या एका ठिकाणी लॅटिन शब्दांचा अर्थ लोक 'प्रायश्चित्त करा' असा घेत. ग्रीक शब्दाचा रोख मात्र 'मन पालटा' असा आहे. आपल्याला हा फरक लगेच कळेल. प्रायश्चित्त म्हटलं की विधी आला, विधी सांगणारा आला, दक्षिणा आली. मन पालटायला यातलं कोणी लागत नाही. एका शब्दाच्या भाषांतरावर केवढी व्यवस्था उभी होती पाहा. वाल्लाच्या या टिपा तेव्हा कुणी फारशा वाचल्या नाहीत.

५. आल्प्स ओलांडून

आता प्रसाराकडे. त्याच्या वाटा अनेक, पण माणसं साधारण दोन तऱ्हेची: इटलीत शिकून परतलेली, आणि इटलीतून बाहेर पोटापाण्याला गेलेली.

शिकायला येणाऱ्यांचं मोठं ठाणं म्हणजे फेराराला ग्वारिनोची शाळा. (होय, इसोत्ताला तिष्ठत ठेवणारा तोच.) विद्यार्थी त्याच्या घरीच राहत. हंगेरीहून पोरवयात आलेला यानुस पॅनोनियस इथे लॅटिन कवी झाला आणि मायदेशी जाऊन बिशप. इंग्लंडचा विल्यम ग्रे परतताना पोथ्याच पोथ्या घेऊन गेला. त्याने ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजला दिलेल्या कितीतरी पोथ्या आजही तिथे आहेत. हंगेरीचा राजा मॅथियास याने बुडा इथे असं देखणं ग्रंथालय उभारलं की इटलीतले नकलाकार त्याच्या कामावर पोसले गेले. १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईनंतर तुर्क बुडात शिरले आणि तो संग्रह पांगला.

बाहेर गेलेल्यांत माझा आवडता फिलिप्पो ब्वोनाक्कोर्सी. १४६८ मध्ये त्याच्यावर पोपच्या खुनाच्या कटाचा आळ आला. रोममधून निसटला तो भूमध्य समुद्रातली बेटं करत करत पोलंडला पोचला आणि तिथे चक्क राजपुत्रांचा शिक्षक झाला. त्याच पोलंडमध्ये १५१८ साली मिलानच्या घराण्यातली बोना स्फोर्झा राणी होऊन गेली. पोलिश बाजारात गाजर, सेलरी, लीकची सुपासाठी बांधलेली जुडी मिळते तिला आजही 'इटालियन जिन्नस' अशा अर्थाचंच नाव आहे. भाज्यांचं श्रेय लोक परंपरेने बोनाला देतात.

६. खिळे, खिसा आणि दारावरची पाटी

हाताने नक्कल करून विद्या मोजक्याच जणांपर्यंत जाते. १४७० मध्ये पॅरिसच्या सोर्बोनमधल्या दोन अध्यापकांनी जर्मन मुद्रक बोलावून छापखाना घातला. फ्रान्समध्ये छापलेलं ते पहिलं पुस्तक कोणतं असावं? बायबल नाही, प्रार्थनासंग्रह नाही. गास्पारिनो बार्झिझा या इटालियन उमानिस्ताची नमुन्याची पत्रं, आणि तीही सुट्या गोल रोमन अक्षरात. पहिली मागणी चांगलं पत्र लिहायचं कसं, याचीच होती.

व्हेनिसला आल्डस मानुशियसने ग्रीक ग्रंथ छापायचा विडा उचलला. १४९५ ते १४९८ मध्ये ॲरिस्टॉटल पाच खंडांत काढला. १५०१ पासून त्याने छोट्या आकाराची पुस्तकं सुरू केली, तिरप्या 'इटॅलिक' अक्षरात. तोवर ग्रंथ मेजावर ठेवून वाचायचे. आता रोमन कवी व्हर्जिल घेऊन बागेत जाता येऊ लागलं. आल्डसकडे लोकांची इतकी वर्दळ असे की त्याने दारावर पाटीच लावली: जे असाल ते असा, काम थोडक्यात सांगा आणि निघा. मराठी प्रकाशकांनाही ती उपयोगी पडावी.

या छोट्या पुस्तकांची कीर्ती कुठवर गेली? इंग्रज लेखक थॉमस मोरने १५१६ मध्ये 'युटोपिया' लिहिलं. त्यातल्या काल्पनिक बेटावर प्रवासी जी ग्रीक पुस्तकं नेतो, त्यात सोफोक्लिसची नाटकं आल्डसच्या बारीक टायपातली आहेत.

७. इरॅस्मसचं शेवटचं पान

आल्डसच्या घरी १५०८ मध्ये एक डच पाहुणा राहिला: रोटरडॅमचा इरॅस्मस. एका बाजूला खिळे जुळवले जात होते आणि दुसऱ्या बाजूला हा लिहून देत होता. ग्रीक-लॅटिन म्हणी आणि त्यांवरची टिपणं, तीन हजारांवर. तिथल्या जेवणाबद्दल त्याने पुढे बरंच नाक मुरडलं.

त्याआधी, १५०४ मध्ये लूव्हेनजवळच्या एका मठात त्याला वाल्लाच्या त्या विसरलेल्या टिपा सापडल्या होत्या. पुढच्या वर्षी त्याने त्या छापून काढल्या आणि मग स्वतःच कामाला लागला. १५१६ मध्ये बाझलच्या फ्रोबेनने त्याचा नवा करार छापला: एका स्तंभात ग्रीक, शेजारी नवी लॅटिन. ज्याला ग्रीक येतं त्याने स्वतः ताडून पाहावं. एकनाथांनी प्रती मिळवून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती १५८४ मध्ये. प्रती समोर ठेवून पाठ ठरवायचा हा खटाटोप मराठी वाचकाला परका वाटू नये.

मात्र इरॅस्मसने घाई केली. पुस्तकात छपाईच्या चुका भरपूर. नव्या करारातल्या शेवटच्या पुस्तकाची जी एकुलती ग्रीक पोथी त्याच्याकडे होती, तिचं अखेरचं पान गायब होतं. तेव्हा या पठ्ठ्याने त्या पानावरची वचनं लॅटिनवरून उलट्या ग्रीकमध्ये भाषांतरित करून घातल्या! मुळाकडे चला म्हणणाऱ्यानेच मूळ तयार केलं. तरी ते पुस्तक अडलं नाही. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीवरून पोपविरुद्ध उभ्या राहिलेल्या ल्यूथरने जर्मन नवा करार केला आणि वाल्लाने उघडी पाडलेली सनदही ल्यूथरने १५२० मध्ये छापील प्रतीतून वाचली. इरॅस्मस स्वतः मात्र ल्यूथरच्या मागे गेला नाही. १५२४ मध्ये त्याच्याविरुद्धच पुस्तक लिहिलं, आणि दोन्ही पक्षांचे शिव्याशाप खाल्ले.

८. बोलोन्या ते गोवा

शेवटची वाट आपल्या दाराशी येते. स्पेनचा आंतोनियो दे नेब्रिहा इटलीत बोलोन्याला दहाएक वर्षं शिकला. परतल्यावर त्याने लॅटिनचं क्रमिक पुस्तक आणि १४९२ मध्ये स्पॅनिश भाषेचं व्याकरण काढलं. उतारवयात तो आल्काला विद्यापीठात आला आणि १५१८ मध्ये तिथे डिओस्कोरिडिसचा प्राचीन वनस्पतिग्रंथ छापवून घेतला. त्याच सुमारास सालामांका आणि आल्काला इथे एक पोर्तुगीज तरुण वैद्यक शिकत होता, गार्सिया द ओर्ता. १५३४ मध्ये तो भारतात आला. पणजीच्या चर्चजवळच्या बागेला त्याचंच नाव आहे, आणि मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं.

१५६३ मध्ये गोव्यातच त्याचं औषधींवरचं पुस्तक छापलं गेलं, दोघा वैद्यांच्या संवादाच्या रूपात. संवाद हा उमानिस्तांचा लाडका घाट. स्पेनहून नुकता आलेला काल्पनिक रुआनो ग्रंथांचे दाखले देतो. ओर्ता त्याला हिंग, कोरफड, सुपारी, आंबा समोर ठेवून दाखवतो. वेलदोड्याच्या प्रकरणात प्रश्न असा की ग्रीक ग्रंथांतलं 'कार्दमोमम' आणि मलबारातला हा दाणा एकच का? नाही, ओर्ता म्हणतो. अरबी नावाचं लॅटिन करताना घोळ झाला आहे. वाल्लाने शब्दावरून दस्त पकडला होता, इथे जिनसेवरून शब्द पकडला जात होता.

१५६७ मध्ये क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्पला त्या पुस्तकाचा लॅटिन सारांश छापला. ओर्ता पुढच्या वर्षी गोव्यात वारला. तो मूळच्या ज्यू घराण्यातला होता. १५८० मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं थडग्यातून काढून जाळली. तोवर ती लॅटिन प्रत तेरा वर्षं युरोपातल्या वैद्यांच्या हातात होती.